‘कोच’ : एका ग्रामनामाचा प्रवास

व्युत्पत्तीच्या अभ्यासात ध्वनिसाम्याइतका फसवा वाटाड्या दुसरा नाही. ‘कोच’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. मराठीत या एकाच उच्चाराखाली दोन भिन्न शब्द नांदतात. दिवाणखान्यातील कोच हे इंग्रजी ‘काउच’चे रूपांतर असून त्याचे मूळ ‘निजविणे, आडवे करणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूत आहे. आगगाडीचा कोच मात्र घोडागाडीवाचक इंग्रजी शब्दापासून आला.

गाडीतही गादी असते व प्रवासी तीवर रेलून बसतो. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानण्याचा मोह होतो. युरोपातील जुन्या व्युत्पत्तिकारांनाही तो आवरला नाही. काहींनी गाडीच्या नावाचा संबंध आडवे होण्याशी जोडला. सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित मेनाज याने ते लॅटिन ‘वेहिकुलुम्’पर्यंत ओढत नेले. या मतांत अर्थाची सोय आहे. परंतु शब्द प्रथम कोठे व कोणत्या काळी आढळतो, या प्रश्नाचे उत्तर नाही.

ते उत्तर हंगेरीत मिळते. व्हिएन्ना व बुडा यांना जोडणाऱ्या मार्गावरील कोच या खेड्यात पंधराव्या शतकापासून हलक्या, वेगवान गाड्या तयार होत. अशी गाडी ती ‘कोची सेकेर’, म्हणजे कोच गावची गाडी. पुढे विशेष्य गळाले आणि ‘कोची’ हे विशेषणच नाम बनले. ‘पैठणी’ शब्दामागील लुगडे असेच लुप्त झाले आहे. दोन्ही भाषांतील ‘इ-ई’ प्रत्ययांचे साम्य मात्र योगायोगाचेच समजावे, कारण हंगेरियन ही युराली कुळातील भाषा आहे.

सोळाव्या शतकात गाडीबरोबर तिचे नावही पसरले : जर्मन ‘कुट्शे’, फ्रेंच ‘कोश’, स्पॅनिश ‘कोचे’, इंग्रजी ‘कोच’. वाहन बदलले तरी नाव टिकले. स्पॅनिश ‘कोचे’ व हंगेरियन ‘कोची’ या शब्दांनी आज मोटारीचाही बोध होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकास विनोदाने ‘कोच’ म्हणू लागले. खेळाचा प्रशिक्षक आणि आपल्याकडील ‘कोचिंग क्लास’ ही त्याच लक्षणेची संतती होय.

हिंदी-उर्दूत ‘कोचमन’चा ‘कोचवान’ झाला, तो ‘गाडीवान’, ‘दरवान’ यांच्या धर्तीवर. येथे ध्वनिसाम्य खरोखरच कार्य करते. पण ते शब्दाला नवे रूप देते, त्याचे कूळ सिद्ध करीत नाही. हा भेद न पाळल्यास व्युत्पत्ती ही केवळ चतुराई ठरते.

म्हणून कोशात दोन्ही ‘कोच’ स्वतंत्र नोंदींत दाखविणे अवश्य आहे. वाहनवाचक शब्दापुढे केवळ ‘इंग्रजी’ असे लिहिणे खोटे नसले तरी अपुरे होय. इंग्रजी हा त्याच्या मराठीकडील वाटेवरचा मुक्काम आहे, जन्मगाव नव्हे.