ओदेसाच्या पायऱ्यांनंतर काय?

रशियन सिनेमाची ओळख जगभरच्या रसिकाला साधारण एकाच क्रमाने होते. आधी आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन', मग तारकोव्हस्की आणि अगदी अलीकडे यायचं तर झ्व्यागिन्त्सेव्हचा 'लेव्हायथन'. तीन थांबे आणि जवळपास नव्वद वर्षांचा पल्ला. फिल्म सोसायटीत घडलेल्या मराठी प्रेक्षकाची यादीही यापेक्षा फार वेगळी नसते. या नावांच्या थोरवीबद्दल वाद नाही. मात्र ही यादी तिकडच्या प्रेक्षकाने केलेली नाही. ती केली कान, व्हेनिस, बर्लिनच्या महोत्सवांनी, शीतयुद्धाच्या राजकारणाने आणि चित्रपटाच्या प्रती कुठवर पोहोचल्या या योगायोगाने. परिणामी परदेशी चर्चेत सोव्हिएत सिनेमाचे दोनच कप्पे उरले: एक सरकारी प्रचाराचा, दुसरा सरकारने छळलेल्या एकाकी कलावंताचा. प्रत्यक्षात हा सिनेमा बहुतांशी या दोहोंच्या मधल्या जागेत घडला. ती जागा पाहिल्याशिवाय दोन्ही टोकंही नीट कळत नाहीत.

सुरुवातीपासूनच बघा. मॉस्कोत १९१९ साली चित्रपटाचं शिक्षण देणारी जगातली पहिली सरकारी संस्था निघाली. पुढे ती व्हीजीआयके या नावाने ओळखली गेली. कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता, त्यामुळे लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी हाताशी असलेल्या फिल्मचे तुकडे उलटसुलट जोडून पाहत. दोन दृश्यं शेजारी ठेवली की तिसराच अर्थ निघतो, हा शोध त्या टंचाईतून पक्का झाला. 'पोटेमकिन' (१९२५) तर सरळसरळ सरकारी कामगिरी होती. १९०५च्या क्रांतीच्या विसाव्या वर्धापनदिनासाठी तो मागवला गेला होता. १९०५ साली ओदेसात गोळीबार झाला होता, परंतु पायऱ्यांवरून एका लयीत उतरणारे सैनिक आणि घरंगळत जाणारी बाबागाडी ही आयझेन्स्टाइनची रचना. ती इतकी प्रभावी ठरली की आज लोक तिलाच इतिहास मानतात. प्रचारपट आणि प्रयोग एकाच फिल्मवर कसे नांदतात, याचा हा पहिला मोठा दाखला. व्हर्तोव्हचा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) हा दुसरा.

इथून परदेशी रसिक थेट १९५०च्या दशकात उडी मारतो. मधला काळ म्हणजे स्तालिनची दहशत, समाजवादी वास्तववादाची सक्ती, म्हणून बघण्यासारखं काही नाही, असा समज. दहशत खरी होती. 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग १९४६ साली अडकला, तो पडद्यावर आला १९५८ साली. तोवर आयझेन्स्टाइन जाऊन दहा वर्षं झाली होती. परंतु त्याच आयझेन्स्टाइनचा जुना साथीदार ग्रिगोरी अलेक्सान्द्रोव्ह ३०च्या दशकात काय करत होता? ल्युबोव्ह ओर्लोव्हाला नायिका करून तो 'जॉली फेलोज', 'सर्कस', 'व्होल्गा-व्होल्गा' असे नाचगाण्यांचे धमाल चित्रपट काढत होता. आयझेन्स्टाइनच्या 'ऑक्टोबर'च्या श्रेयनामावलीतलं नाव संगीतिकांच्या वाटेला कसं लागलं, हे समजून घेतलं तर सोव्हिएत चित्रपटव्यवसायाला भरलेली थिएटरंही हवी होती, हे ध्यानात येतं.

स्तालिनच्या मृत्यूनंतर हवा थोडी सैल झाली आणि १९५७ साली मिखाईल कलातोझोव्हचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' आला. पुढच्याच वर्षी त्याला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातलं एक दृश्य जरा जवळून पाहू. युद्धावर निघालेल्या बोरिसला निरोप द्यायला व्हेरोनिका बसमधून निघाली आहे. कॅमेरा बसमध्ये तिच्या चेहऱ्यापाशी आहे. रस्ता अडलाय म्हणून ती उतरते, पाठोपाठ कॅमेराही उतरतो आणि गर्दीतून वाट काढत तिच्यामागे जातो. मग शॉट न तुटता तो वर चढतो आणि खाली दिसतो तो रणगाड्यांचा ताफा, त्यातून आडवी धावणारी एक एवढीशी मुलगी. छायालेखक सर्गेई उरुसेव्हस्की युद्धकाळात आघाडीवर चित्रीकरण करत होता. कॅमेरा हातात घेऊन धावणं त्याला नवं नव्हतं. व्हेरोनिका पोहोचते, पण बोरिस भेटत नाही. तिने फेकलेला बिस्किटांचा पुडा लोकांच्या पायाखाली चिरडला जातो. यात प्रचार कुठे आहे? आणि बंड तरी कुठे आहे? सरकारी स्टुडिओत, सरकारी पैशाने, रीतसर मंजुरी घेऊन ही कलाकृती झाली.

मंजुरीची ही यंत्रणा समजून घेणं गरजेचं आहे. पटकथेपासून अंतिम प्रतीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर परवानगी लागे आणि सगळ्याच्या वर गोस्किनो हे सरकारी खातं. चित्रपट नापसंत पडला तर तो बहुधा जाळला जात नसे. फडताळात ठेवला जाई. अलेक्सान्द्र अस्कोल्दोव्हचा 'कमिसार' १९६७ साली पूर्ण झाला आणि लोकांना दिसला १९८७ साली. अलेक्सेई गेर्मानचा 'ट्रायल ऑन द रोड' पंधरा वर्षं पडून राहिला. १९८६ साली एलेम क्लिमोव्ह चित्रपटकर्मींच्या संघाचा प्रमुख झाला, मग ही फडताळं उघडली. बंदीपेक्षा सौम्य शिक्षाही होतीच: चित्रपट मोजक्या प्रतींनिशी सोडायचा, म्हणजे तो आपोआप विस्मरणात जातो. तारकोव्हस्कीच्या 'मिरर'चं हेच झालं. त्याच्या 'स्टॉकर'ची मायदेशी सुमारे ४३ लाख तिकिटं विकली गेली. तुलनेला, ऑस्कर मिळालेल्या 'मॉस्को डझन्ट बिलीव्ह इन टिअर्स'ची ८ कोटींहून अधिक. पण ४३ लाख हा आकडाही नीट बघावा. जगात कुठल्या देशात इतक्या अवघड चित्रपटाची इतकी तिकिटं खपली असती?

या यंत्रणेत मंजुरी कधी कुठून येईल याचा नेम नसे. लारिसा शेपित्कोचा 'द अ‍ॅसेंट' (१९७७) पाहा. बर्फाने झाकलेला बेलारूस, जर्मनांच्या हाती सापडलेले दोन गनिमी सैनिक. आजारी सोत्निकोव्ह मरायला तयार आहे, धडधाकट रिबाक काहीही करून जगायला. चौकशी करणारा जर्मनांचा स्थानिक हस्तक साकारलाय अनातोली सोलोनित्सिनने, तारकोव्हस्कीच्या 'आंद्रेई रुब्ल्योव्ह'मधल्या चित्रकार साधूने. हे निवडीचं धैर्य बघण्यासारखं आहे. फाशीच्या प्रसंगात सोत्निकोव्हचा चेहरा ख्रिस्ताच्या मूर्तीसारखा उजळत जातो आणि शेवटी जगलेला रिबाक शौचकूपात पट्ट्याने गळफास घेऊ पाहतो, तोही जमत नाही. समोरचं फाटक उघडं असूनही त्याला बाहेर पडता येत नाही. नास्तिक राजवटीत बायबलच्या वळणाने सांगितलेली ही कथा अडकणार हे उघड होतं. ती सुटली बेलारूसचे पक्षप्रमुख प्योत्र माशेरोव्ह यांच्या शब्दावर. ते स्वतः युद्धात गनिमी लढले होते आणि चित्रपट पाहून हेलावले होते. पक्षाने अडवलेला चित्रपट पक्षानेच सोडवला. मग त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. दोन वर्षांनी, १९७९ साली, शेपित्को मोटार अपघातात गेली. 'कम अँड सी'चा दिग्दर्शक म्हणून क्लिमोव्हचं नाव आज सगळ्यांना ठाऊक असतं. तो शेपित्कोचा नवरा, आणि बेलारूसच्या युद्धावरची थोर कलाकृती त्याच्या आधी आठ वर्षं तिने केली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ओदेसाच्या स्टुडिओत काम करणाऱ्या किरा मुरातोव्हाची तर त्याहून उपेक्षा झाली. तिचे पहिले दोन स्वतंत्र चित्रपट पेरेस्त्रोइकाच्या खुल्या काळापर्यंत नीट लोकांसमोर आले नाहीत.

परदेशी यादीतली सर्वांत मोठी उणीव मात्र विनोदाची आहे. लिओनिद गायदायच्या 'द डायमंड आर्म'ची (१९६९) साडेसात कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. त्यातले संवाद रशियनांच्या रोजच्या बोलण्यात म्हणींसारखे रुळले. एल्दार र्‍याझानोव्हचा 'आयरनी ऑफ फेट' १ जानेवारी १९७६ रोजी दूरदर्शनवर आला आणि तेव्हापासून नव्या वर्षाच्या रात्री तो पाहण्याचा घराघरात परिपाठ पडला. सुरुवातीलाच एक छोटी व्यंगचित्रपट्टी आहे. वास्तुविशारद गॅलऱ्या, खांब, नक्षी असलेली देखणी इमारत काढतो. एकेका साहेबाच्या टेबलावर एकेक गोष्ट गळत जाते आणि उरतो सपाट ठोकळा. मग तेच ठोकळे देशभर चालू लागतात. पुढची सगळी कथा या विनोदावर उभी आहे. दारूच्या नशेत मॉस्कोऐवजी लेनिनग्राडला पोहोचलेला डॉक्टर टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो, तर त्याच नावाचा रस्ता, तोच घरक्रमांक तिथेही आहे आणि खिशातली किल्ली कुलपाला लागते. राजवटीवर इतकी नेमकी टीका राजवटीच्याच दूरदर्शनवर वर्षानुवर्षं चालली आणि कुणी फडताळ शोधलं नाही.

हा चित्रपट परदेशात का पोहोचला नाही, याचं उत्तर त्याच्या गाण्यांत आहे. नायिका पोलिश अभिनेत्री बार्बारा ब्रिल्स्का, तिचे संवाद दुसरीचे आणि गाणी अल्ला पुगाचोव्हाच्या आवाजात. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. गाण्यांच्या ओळी मात्र मारिना त्स्वेतायेव्हा, पास्तरनाक अशा कवींच्या. त्या कानावर असलेल्या प्रेक्षकाला जे ऐकू येतं ते उपशीर्षकात उतरत नाही. 'स्टॉकर'मधली दीर्घ शांतता कुठेही पोहोचते, गायदायची कोटी सीमेवरच अडकते. महोत्सवांतून आपल्यापर्यंत गंभीर, संथ रशिया तेवढाच आला याचं हेही एक कारण. त्यावरून 'रशियन आत्म्या'वर निबंध लिहिणाऱ्यांनी आधी गायदाय पाहावा.

दुसरी उणीव भूगोलाची. सोव्हिएत सिनेमा म्हणजे रशियन सिनेमा नव्हे. 'अर्थ' (१९३०) काढणारा दोव्हझेन्को युक्रेनचा. पाराजानोव्ह तिबिलिसीत वाढलेला आर्मेनियन. त्याचा 'शॅडोज ऑफ फर्गॉटन अ‍ॅन्सेस्टर्स' कीव्हच्या स्टुडिओचा आणि 'द कलर ऑफ पॉमग्रॅनट्स' आर्मेनियाचा. अबुलाद्झेचा 'रिपेंटन्स' जॉर्जियाचा. ताश्कंदला १९६८पासून आशिया-आफ्रिकेच्या चित्रपटांचा महोत्सव भरू लागला, तिथे भारतीय चित्रपटकर्मी जात. या सगळ्यांना मॉस्कोच्या खात्यात जमा करण्याची सवय पश्चिमेलाही होती आणि आपल्यालाही आहे. रशियाच्या २०२२च्या आक्रमणानंतर युक्रेनच्या लोकांनी दोव्हझेन्को आमचा हे ठणकावून सांगायला सुरुवात केली, ते रास्तच आहे.

आपला या सिनेमाशी संबंध जुना आहे आणि तो दुतर्फा आहे. राज कपूरच्या 'आवारा'ची सोव्हिएत संघात ६ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढणाऱ्या अफनासी निकितिनवर ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी १९५७ साली 'परदेसी' हा संयुक्त चित्रपट केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आयझेन्स्टाइन आणि पुदोव्हकिन हे पाठ्यक्रमच होते. अरुण खोपकरांसारख्या अभ्यासकाने आयझेन्स्टाइनवर मराठीत जे लिहिलं, तसं फार थोड्या भारतीय भाषांत झालं असेल. आपली खोली अशी आयझेन्स्टाइनपाशी आहे. रुंदी मात्र कमी पडते.

आता रुंदी न वाढवायला सबब नाही. मोसफिल्मने २०११पासून आपला बराचसा संग्रह यूट्यूबवर फुकट खुला केला आणि अनेक चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं आहेत. पूर्वी वकिलातीकडून येणाऱ्या प्रतीची वाट पाहावी लागे, ते दिवस गेले. अर्थात फुकट मिळणाऱ्या संग्रहालाही मालक असतो आणि काय आधी दुरुस्त करायचं, काय मागे ठेवायचं हे तो ठरवतो. कलातोझोव्हचा 'आय अ‍ॅम क्यूबा' (१९६४) क्यूबा आणि सोव्हिएत संघ दोघांनीही टाकून दिला होता. १९९०च्या दशकात स्कोर्सेसी आणि कोपोला त्याच्यामागे उभे राहिले तेव्हा जगाला तो कळला. यादी अशीच बदलते, कुणीतरी बदलली तर.

आजच्या सिनेमाबाबतही जुनेच दोन कप्पे पुन्हा उघडलेत. बालाबानोव्हचा 'ब्रदर' (१९९७) देशात डोक्यावर घेतला गेला, बाहेर त्याच्या नायकाने लोक अस्वस्थ झाले. 'लेव्हायथन' (२०१४) बाहेर गौरवला गेला, देशात संस्कृतिमंत्र्यांना रुचला नाही. तरी त्यात सरकारी पैसा होताच. म्हणजे ती मधली जागा तेव्हाही शाबूत होती. २०२२नंतर ती झपाट्याने आक्रसली. अनेक दिग्दर्शक देशाबाहेर गेले, सोकुरोव्हच्या 'फेअरीटेल'ला प्रदर्शनाचा परवाना मिळाला नाही. दुसरीकडे, रशियन सिनेमावरच्या सरसकट बहिष्काराला विरोध केला म्हणून दिग्दर्शक सर्गेई लोझ्नित्साला युक्रेनच्या चित्रपट अकादमीने काढून टाकलं. चित्रपट पाहणं म्हणजे राजवटीला पाठिंबा नव्हे, तसंच राजवट बाजूला ठेवून चित्रपट पाहता येतो असंही नाही. पैसा कुणाचा, परवाना कुणी दिला, भाषा कुणाची, हे प्रश्न प्रत्येक चित्रपटाला विचारलेच पाहिजेत. सध्या सर्वांत उत्सुकतेने बघण्याजोगं काम सैबेरियातल्या याकुतियात, साखा भाषेत होतंय. तुटपुंज्या पैशात, स्थानिक थिएटरांच्या जिवावर उभा राहिलेला तो सिनेमा मॉस्कोकडे फारसा पाहत नाही.

तेव्हा तारकोव्हस्की पाहून झाला असेल तर तो परत पाहण्याआधी चार चित्रपट पाहा: शेपित्कोचा 'द अ‍ॅसेंट', र्‍याझानोव्हचा 'आयरनी ऑफ फेट', मुरातोव्हाचा 'ब्रीफ एन्काउंटर्स' आणि गेर्मानचा 'माय फ्रेंड इव्हान लाप्शिन'. आपल्या फिल्म सोसायट्यांनी रशियन सिनेमाचा पुढचा आठवडा या चौघांपासून सुरू करावा. 'पोटेमकिन' आपण पुरेसा दाखवला आहे.