झील धरणारी माणसं

इंग्लंडमधल्या ‘फोक क्लब’ या संस्थेविषयी मराठीत फारसं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. ‘क्लब’ म्हटलं की आपल्यापुढे सभासदत्व, वर्गणी, पत्त्यांची टेबलं असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात ही बहुतेक वेळा एखाद्या पबमधली मागची किंवा माडीवरची खोली असते. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा तिथे माणसं जमतात आणि जुनी गाणी म्हणतात. रंगमंच नसतो, बहुधा ध्वनिक्षेपकही नसतो. कधी बाहेरचा नामांकित गायक बोलावतात, त्या दिवशी तिकीट असतं. एरवी ‘सिंगअराउंड’ चालतो: माणसं गोल बसतात आणि पाळी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. ज्याला गायचं नसेल तो मान हलवून पाळी पुढे देतो, त्याबद्दल त्याला कुणी काही म्हणत नाही.

लोकसाहित्याचे आपले अभ्यासक दोन गोष्टींकडे नीट लक्ष देतात, गीताच्या संहितेकडे आणि गाणाऱ्याकडे. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ घ्या, सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली निघालेले लोकसाहित्य समितीचे ग्रंथ घ्या. हे काम डोंगराएवढं आहे, आणि माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या वाचकाचं शिक्षणच त्यावर झालं आहे. पण गाण्याला झील धरणारा, दुसरी ओळ उचलणारा, विसरलेला शब्द पुरवणारा जो तिसरा असतो, त्याचा विचार या परंपरेत जवळजवळ नाही. फोक क्लबकडे पाहावं ते या तिसऱ्यासाठी.

इतिहास थोडक्यात सांगतो. ‘फोक-साँग सोसायटी’ 1898 साली स्थापन झाली. 1903 साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज या खेड्यात सेसिल शार्प यांनी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून ‘द सीड्स ऑफ लव्ह’ ऐकलं आणि पुढे आयुष्यभर गाणी गोळा केली. त्यांनी ती पियानोच्या साथीवर बसवून छापली, काही ठिकाणी शब्द सोवळे केले. गाणं माळ्याकडून दिवाणखान्यात गेलं. ते पबमध्ये परत आलं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि आणणारे बरेचसे डाव्या चळवळीतले होते. ज्या ‘टॉपिक रेकॉर्ड्स’ने ही गाणी पुढे जपली, ती 1939 साली कामगारांच्या संगीत संघटनेतूनच निघाली. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं ‘लाल बावटा कलापथक’ 1944 चं. काळ तोच, विचारही तोच. फरक एवढाच की आपल्या शाहिरांपुढे हजारोंचं मैदान होतं आणि तिकडच्यांपुढे वीस-तीस माणसांची खोली. हा फरक मला निर्णायक वाटतो. मैदानाला आवाज लागतो, डफ लागतो, पुढे ध्वनिक्षेपक लागतो. खोलीत शेजारच्या माणसाचा श्वास कळतो.

या चळवळीतला सर्वांत वादग्रस्त माणूस म्हणजे युअन मॅकॉल. 1956 साली लॉनी डॉनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ने इंग्लंडमधल्या पोरांना वेड लावलं होतं, जो तो गिटार घेऊन अमेरिकन तुरुंगातली नि रेल्वेवरची गाणी म्हणत होता. मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी आपल्या लंडनच्या क्लबात नियम केला: मंचावर यायचं तर आपल्या भाषेतलं, आपल्या परंपरेतलं गावं. या नियमावर आजही भांडणं होतात. त्यातली गंमत अशी की नियम करणारा सॅलफर्डमध्ये जन्मलेला जिमी मिलर होता. आईबाप स्कॉटिश म्हणून त्याने स्कॉटिश वळणाचं नाव घेतलं आणि स्कॉटिश ढंगाने गायला. खुर्ची उलटी फिरवून बसायचं आणि कानावर हात ठेवायचा, ही त्याची लकब. (कानावर हात ठेवणारे आपले गोंधळी आणि शाहीर कुणाला आठवणार नाहीत?) दांभिकपणा म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. मला मात्र तो नियम संकुचित असूनही फळाला आलेला दिसतो. उसनं गाणं बंद झाल्यावर पोरांना आपल्या गावचं गाणं शोधावं लागलं. ती संग्रहालयांत गेली, सॅम लार्नरसारख्या म्हाताऱ्या कोळ्यांच्या घरी गेली. मॅकॉलनेच बीबीसीच्या ‘सिंगिंग द फिशिंग’साठी 1960 साली ‘शोल्स ऑफ हेरिंग’ लिहिलं, आणि आज कित्येक गायक ते पारंपरिक समजून म्हणतात. कर्त्याचं नाव गळून पडणं हा लोकगीताचा मोठाच सन्मान.

यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात भाची राहते. तिच्याकडे गेलो असताना रविवारच्या एका दुपारी अशा खोलीत मी अडीच तास बसलो. पंचवीसेक माणसं, बहुतेकांची साठी उलटलेली. गलबतावरची गाणी सुरू झाली की सगळी खोली झील धरायची, तीही एका सुरात नव्हे; कुणी खालून, कुणी वरून, न ठरवता. शीड चढवताना दोर एकदम ओढला जावा म्हणून ही गाणी होती. वाफेची जहाजं आली आणि ते काम संपलं. गाणं उरलं, कारण झील धरणारे उरले. मग एका वयस्क बाईंनी ‘बार्बरा ॲलन’ घेतलं. चाइल्ड यांच्या 305 बॅलडांच्या संग्रहातलं हे 84 वं. सॅम्युअल पीप्सने 1666 च्या जानेवारीत रोजनिशीत त्याचा उल्लेख केला आहे. साथ नाही, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव दाखवणं नाही. आता कुणीही आवाज मिळवला नाही. चौथ्या-पाचव्या कडव्याला त्या अडल्या. कोपऱ्यातून एका माणसाने हलकेच पुढचे दोन शब्द दिले आणि गाणं चालू लागलं. कुठे धरायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्या खोलीला ठाऊक होतं, आणि मी तिला परंपरा म्हणतो ती एवढ्यासाठी. एक तरुण मोबाइलवर बघून गायला. त्याला कुणी हसलं नाही, पण तो अडला असता तर त्याला शब्द पुरवायचं कारणच उरलं नव्हतं.

या खोलीचं फार कौतुकही नको. तिथे कोळी नव्हता, खाणकामगार नव्हता. निवृत्त शिक्षक पुष्कळ होते. ज्यांची गाणी, ती माणसं बाहेर, हा डेव्ह हार्कर यांनी 1985 च्या ‘फेकसाँग’मध्ये केलेल्या टीकेचा गाभा आणि तो खोटा नाही. पण एक गोष्ट नोंदवावी. 2003 च्या परवाना कायद्याने पबमध्ये दोघांपर्यंत गायकांना असलेली जुनी सूट गेली. 2012 च्या कायद्याने परवानाधारक पबमध्ये ध्वनिवर्धकाविना होणारं संगीत सकाळी 8 ते रात्री 11 परवान्यातून मोकळं केलं. लहान खोलीतल्या गाण्याचा विचार संसदेला करावा लागला. आपल्याकडे शासन लोककलेचा महोत्सव करतं. त्यात दिवे, निवेदक, पाहुणे असतात, आणि समोर टाळ्यांपुरता प्रेक्षक. भजनी मंडळ ही आपली खरी लहान खोली, टाळकरी तिथे ओळ आजही उचलतात. पण तिथे अभंग आहे. पोवाड्याला, ओवीला तिथे पाट मांडलेला नाही.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यातली ध्वनिमुद्रणं ऐकताना एकीने ओळ सुरू केली की दुसरी ती उचलते, हे अनेकदा ऐकू येतं. गिरणी आली आणि जातं गेलं, जसं शीड गेलं. म्हणून मला वाटलं होतं की ओवीलाही अशी रविवार दुपारची एक खोली मिळावी. गावी गेलो तेव्हा मावशीला सगळं रंगवून सांगितलं. तिला ओव्या पुष्कळ येतात. तिने विचारलं, “बाया होत्या का तिथं गाणाऱ्या?” म्हटलं, निम्म्या तरी होत्या. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटून म्हणाली, “मग रविवारी दुपारचं त्यांच्या घरी कोण करतं?”