वल्हे, पाणी आणि इझल : नौकानयन क्लबातील प्रत्यक्षस्थळी चित्रणाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

ऐतिहासिक नौकानयन क्लबाच्या आवारात भरणाऱ्या निसर्गचित्रण कार्यशाळेचे स्वरूप बहुतेक ठरलेले असते. सकाळी नदीकाठी इझल मांडले जातात, मार्गदर्शक प्रात्यक्षिक करून दाखवतो, उजेड पालटण्यापूर्वी चित्र पुरे करण्याची धडपड होते आणि अखेरीस सर्वांची चित्रे ओळीने मांडून चर्चा होते. जुन्या बोटहाऊसचे उतरते छप्पर, धक्क्याला लागलेल्या निमुळत्या नौका आणि पाण्यातील प्रतिबिंबे हे या चित्रांचे नेहमीचे विषय होत. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे : स्थळी उपस्थित राहून झपाट्याने रंगवले की स्थळाचे सत्य हाती येते. प्रस्तुत लेखात फ्रान्समधील सेन आणि अमेरिकेतील स्कूलकिल या दोन नद्यांवरील चित्रांच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे.

सेन नदी : उजेडाचा अभ्यास

खुल्या हवेतील चित्रण आणि हौशी नौकानयन यांची वाढ पॅरिसच्या परिसरात हातात हात घालून झाली. १८३७ मध्ये पॅरिसहून सेंट जर्मेनच्या दिशेने रेल्वे सुरू झाली आणि नदीकाठची गावे शहरवासीयांच्या आवाक्यात आली. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग बाहेर नेणे सुकर झाले. वल्हे मारणारा आणि रंगवणारा असे दोघेही सुटीच्या दिवशी एकाच गाडीने एकाच काठावर उतरू लागले.

१८६९ च्या उन्हाळ्यात क्लोद मोने आणि ओग्युस्त रेन्वार यांनी क्रॉसी येथील 'ला ग्रेनुयेर' या जलविहारस्थळी शेजारी बसून चित्रे काढली. तुटक, आडव्या फटकाऱ्यांतून हलणारे पाणी साकारणारी ही चित्रे दृक्‌प्रत्ययवादाची नांदी मानली जातात. तथापि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मित्र बाझील याला लिहिलेल्या पत्रात मोनेने या कामांचा उल्लेख सुमार कच्चे आराखडे असाच केला. त्याच्या मनात त्यांवरून रचावयाचे मोठे चित्र होते. म्हणजे जागेवरचे काम हे त्याच्या दृष्टीने साधन होते. पुढील काळाने त्यालाच साध्य ठरवले. आजच्या कार्यशाळेची उभारणी या उत्तरकालीन मूल्यमापनावर झाली आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

शातू येथील फूर्नेज यांच्या उपाहारगृहाच्या सज्जात रेन्वारने १८८०-८१ मध्ये रंगवलेल्या नौकाविहारींच्या भोजनाच्या चित्रातही हेच दिसते. ते एका बैठकीत झालेले नाही. रेन्वारने त्यावर दीर्घकाळ फेरकाम केले. शिवाय नौकाविहारींच्या या चित्रात वल्हवण्याचा क्षण नाहीच. श्रम संपले आहेत, जेवण उरकले आहे आणि नदी कनातीखालून डोकावते आहे.

स्कूलकिल नदी : वल्ह्याचे ज्ञान

फिलाडेल्फियात फेअरमाउंट येथील धरण १८२२ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे स्कूलकिलचे पाणी संथ झाले. या संथ पाण्यावर नौकानयनाचे क्लब उभे राहिले. १८५८ मध्ये त्यांची 'स्कूलकिल नेव्ही' ही संघटना स्थापन झाली. क्लबांच्या इमारतींची ओळ 'बोटहाऊस रो' म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील अंडाइन क्लबाची इमारत वास्तुकार फ्रँक फर्नेस यांच्या संस्थेने १८८२-८३ मध्ये बांधली. पेनसिल्व्हेनिया कला अकादमीची १८७६ मधील इमारतही फर्नेस यांच्याच आराखड्यातून साकारली होती आणि तेथे टॉमस ईकिन्स शिकवत असे.

ईकिन्स स्वतः वल्हे मारणारा होता. त्याच्या १८७१ मधील प्रसिद्ध चित्रात त्याचा मित्र मॅक्स श्मिट क्षणभर विसावून प्रेक्षकाकडे वळून पाहतो. मध्यंतरावर दुसऱ्या नौकेत ईकिन्सने स्वतःला वल्हवताना रंगवले आहे. हे चित्र पाण्यावर बसलेल्या माणसाचे आहे, काठावरून पाहणाऱ्याचे नव्हे. १८७२ मधील बिग्लिन बंधूंच्या चित्रासाठी त्याने यथादर्शनाची तपशीलवार रेखांकने केली. नौकेचा कोन आणि प्रतिबिंबाची लांबी त्याने मोजूनमापून ठरवली. हे काम स्टुडिओत, पट्टी आणि पेन्सिल घेऊन झाले.

यावरून प्रत्यक्षस्थळी चित्रण निरर्थक ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. ईकिन्सच्या पाण्यात मोनेच्या पाण्याची थरथर नाही. त्याचा उजेड गोठल्यासारखा वाटतो, असा आक्षेप घेता येईल. एकाने जे टिपले ते दुसऱ्याच्या हातून निसटले. या दोहोंच्या दरम्यान ग्युस्ताव्ह कायबोत उभा आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात २०२३ मध्ये दाखल झालेल्या त्याच्या चित्रात उंच टोपी घातलेला गृहस्थ वल्हवतो आणि प्रेक्षक त्याच्यासमोर, त्याच नौकेत बसलेला असतो. पुढे नौकांचे आराखडेही करणाऱ्या या चित्रकाराने पाहण्याची जागाच काठावरून नौकेत हलवली.

कार्यशाळेचे मूल्यमापन

या पार्श्वभूमीवर कार्यशाळेतील उणीव स्पष्ट होते. तेथे उजेडाची शिकवण मिळते, वल्ह्याची मिळत नाही. वल्हवणारा माणूस चित्रात रंगाच्या दोन ठिपक्यांपुरता उरतो. नौका इतकी अरुंद का, वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून का बसतो, हे ठाऊक नसलेल्या हाताला त्या देहाचा ताण रेखाटता येत नाही. इतिहासाचेही असेच होते. बोटहाऊस रोवरील सर्वांत जुन्या वास्तूत आज स्त्रियांचा नौकानयन क्लब आहे. तो १९३८ मध्ये स्थापन झाला, म्हणजे संघटनेनंतर तब्बल ८० वर्षांनी. दर्शनी भागाचे सुंदर जलरंगचित्र हा विलंब सांगू शकत नाही. तो चित्रकाराला आधी ठाऊक असावा लागतो.

हा प्रश्न मराठी कलाशिक्षणालाही लागू आहे. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी जे. जे. स्कूलमधील शिक्षणानंतर कोल्हापूरला परतून रंकाळा, कोटितीर्थ हा परिसर पुनःपुन्हा रंगवला. त्यांच्या निसर्गचित्रांमागे एका सकाळची भेट नसून दीर्घ सहवास होता. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब मुळा-मुठेच्या काठी आहे. तेथे इझल मांडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रदूषित पाणी असते. त्याने कागदावर सेनचा निळा रंग उतरवला, तर जागेवर बसूनही त्याने जागा पाहिलेली नसते.

समारोप

स्थळी जाणे ही निसर्गचित्रणाची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. कार्यशाळेतील पहिला तास रंग उघडण्यापूर्वी नौकेत बसण्यासाठी आणि क्लबातील जाणत्या माणसांचे ऐकण्यासाठी राखून ठेवता येईल. दुसऱ्या दिवशी त्याच जागी परतून आदल्या दिवसाचे चित्र तपासता येईल. यामुळे चित्रांची संख्या घटेल हे खरे. परंतु कार्यशाळेचे यश चित्रांच्या संख्येवर मोजावयाचे की विद्यार्थ्याच्या दृष्टीत पडलेल्या फरकावर, याचा निर्णय शिक्षकांनाच करावा लागेल.