परवाना नेमका कशाचा?

मंडळी, आज आम्ही चर्चेला ग्रंथ घेतलेला नाही, एक साधी कृती घेतली आहे. कंपन्यांत, बँकांत कारकुनी कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर विकत घेतात आणि मग त्याचं 'लायसन्स ॲक्टिव्हेट' करतात, ती ही कृती. तत्त्वज्ञानवाल्यांचा इथे काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध असा, की 'अधिकार' हा आपल्या शास्त्रांचा जुना शब्द आहे, आणि इथे अधिकार दिला-घेतला जातो तो कुणीही न तपासता.

उदाहरण यूआयपाथचं घेऊ. ही कंपनी २००५ साली रुमानियात, बुखारेस्टला सुरू झाली. तेव्हा तिचं नाव डेस्कओव्हर होतं. २०२१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. तिच्या सॉफ्टवेअरला 'रोबो' म्हणतात, पण त्याला हातपाय नाहीत. पडद्यावरचं बिल वाचायचं, आकडा उचलायचा, दुसऱ्या रकान्यात टाकायचा, बटण दाबायचं, एवढं तो करतो. न कंटाळता करतो, हे मान्यच केलं पाहिजे.

आता परवान्याचं बघा. सॉफ्टवेअर संगणकावर बसवलं तरी परवान्याशिवाय ते कामाला लागत नाही. इंटरनेट असेल तर परवान्याचा क्रमांक टाकायचा, कंपनीची यंत्रणा तो तपासते. इंटरनेट नसेल तर तो संगणक विनंतीची एक फाईल तयार करतो. ती दुसऱ्या संगणकावर न्यायची, कंपनीच्या पानावर चढवायची, उत्तराची फाईल घ्यायची आणि परत येऊन पहिल्या संगणकाला द्यायची. अर्ज, शिक्का आणि पुन्हा पहिलं टेबल! सरकारी कचेरीत हयात घालवलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. आमच्या पिढीला रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. मात्र परवाना संपला म्हणून रेडिओ स्वतःहून गप्प बसत नसे. नियम आणि यंत्र यांच्यामध्ये माणूस होता. त्याच्याशी बोलता येई, चार दिवस मागता येत. इथे यंत्रच तपासनीस झालं आहे. लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की संगणकाचा कोड हाच कायद्याचं काम करतो. मुदतवाढ आजही मिळते म्हणा, पण ती विक्रेत्याने दिली तर.

दुसरा मुद्दा संमतीचा. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते, हा त्यांचा सिद्धान्त. 'मला मान्य आहे' हे असंच वाक्य. पण ते बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार हवा, अशी त्यांची अट आहे. परवान्याच्या खिडकीत 'मान्य' दाबतो तो बहुधा एखादा तरुण इंजिनीअर. बांधली जाते संस्था. आणि ज्यांचं काम बदलणार ते कारकून त्या खोलीत नसतातच.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत सुरुवातीलाच चार गोष्टी सांगण्याची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. हे अनुबंधचतुष्टय परवान्याला लावून पाहा. अधिकारी कोण, ते लिहिलेलं असतं: नावानिशी नोंदलेला वापरकर्ता, किंवा समोर कुणी नसताना चालणारा रोबो. वेदान्तात अधिकार तयारीने मिळतो, इथे पैसे भरून, एवढाच काय तो फरक! विषय लिहिलेला असतो, संबंधही मुदतीसकट लिहिलेला असतो. प्रयोजनाचा रकाना मात्र रिकामा. तो विक्रेत्याने भरावा अशी अपेक्षाही नाही. तो संस्थेने भरायचा असतो, आणि तिथेच घोळ होतो.

आक्षेप येईल, की सॉफ्टवेअर लिहायला श्रम लागतात, त्याची नक्कल फुकट होते, मग परवाना नको का? हवा. आमचं भांडण परवान्याशी नाही. पण समजा, एका बँकेत बिलं ताडून पाहण्याचं काम रोबोकडे दिलं. ते काम हाताने करणारे जुने कारकून निवृत्त झाले. कोणत्या बिलावर शंका घ्यायची, कुणाला आधी फोन करायचा, हे त्यांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. तीन वर्षांनी नूतनीकरणाची किंमत वाढली. आता बँक 'नको' म्हणू शकेल? नाही म्हणू शकणार. कारण आता तो परवाना सॉफ्टवेअरचा राहिलेला नाही, तो बँकेच्या स्वतःच्या कामाचा झाला आहे.

म्हणून आमचं सांगणं व्यवहाराचं आहे. क्रमांक टाकण्याआधी ते काम करणाऱ्यांना बोलवा. काम कसं चालतं, अपवाद कोणते, हे त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून घ्या. निदान दोन माणसांना ते अधूनमधून हाताने करायला लावा. आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल, हे सही करण्याआधी विचारा. उत्तर लेखी घ्या.

वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.