तपकिरी पेला काय सिद्ध करतो?

घरगुती आरओ यंत्र विकताना दिवाणखान्यात एक प्रात्यक्षिक दाखवतात. आमच्या मते अलीकडच्या काळात आपल्या देशात शाळेबाहेर सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेला रसायनशास्त्राचा प्रयोग हाच असावा. म्हणून त्याचे परीक्षण व्हायला हवे, आणि ते विज्ञानशिक्षकांनी करायला हवे.

प्रयोग असा. दोन पेले घेतात. एकात नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातून आलेले. धातूच्या कांड्यांच्या दोन जोड्या असलेले उपकरण दोन्ही पेल्यांत बुडवून विजेचे बटण दाबतात. मिनिटाभरात पहिल्या पेल्यात आधी हिरवट आणि मग तपकिरी गाळ दाटतो. दुसरा पेला जवळजवळ तसाच राहतो. "हे तुम्ही रोज पिता," एवढे वाक्य पुढे पुरेसे होते. सावद्यासारख्या गावात ते अधिकच पटते, कारण कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. चहावर तवंग येतो, हंड्याच्या कडेला पांढरी पुटे चढतात, डाळ शिजता शिजत नाही. पाण्यात काहीतरी आहे हे घरच्या बाईला आधीच ठाऊक असते. ते "काहीतरी" आता डोळ्यांना दिसले, असे सर्वांना वाटते.

पण दिसले ते पाण्यातले नव्हतेच. तो गाळ कांडीतून आला. विद्युत् अपघटन आपण दहावीला शिकवतो. धनाग्राची कांडी लोखंडाची असली, तर विजेचा प्रवाह वाहू लागताच लोह आयनरूपाने पाण्यात उतरते. ऋणाग्रापाशी हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. दोघांच्या संयोगाने आधी हिरवट आणि मग हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरी साका बनतो. म्हणजे हा सरळ सरळ गंज आहे. फॅरडेच्या नियमाने हिशोबही करता येईल. समजा, अर्धा अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला, तर ३० कूलोम विद्युत्भार गेला आणि सुमारे ९ मिलिग्रॅम लोह विरघळले. पेलाभर पाणी तपकिरी करायला एवढे पुष्कळ झाले.

मग दुसरा पेला स्वच्छ का राहिला? त्यात क्षार कमी, म्हणून वीज फारशी वाहिलीच नाही आणि कांडी झिजली नाही. त्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका. तेच "शुद्ध" पाणी पहिल्याइतकेच घाण दिसू लागेल. हे वर्गात अवश्य करून पाहावे, मात्र घरातल्या विजेवर मुळीच नको. ९ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि पंधरा-वीस मिनिटांचा धीर एवढे पुरते. मग खिळ्यांच्या जागी पेन्सिलीतील शिशाच्या कांड्या लावाव्यात. पाणी तेच, पण तपकिरी गाळ नाही. फार तर ऋणाग्रापाशी थोडी पांढरी पुटे दिसतील. ही दोन नियंत्रणे मूळ प्रात्यक्षिकात नसतात आणि ती नसणे हा अपघात नव्हे.

या प्रात्यक्षिकाचे धाकटे भावंड म्हणजे खिशातला टीडीएस मीटर. तो खोटे बोलत नाही, पण त्याला फार थोडे कळते. तो पाण्याची विद्युत्वाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने तिचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करून दाखवतो. पेल्यात दोन चमचे साखर विरघळवा, काटा हलणार नाही. गटाराचा थेंब मिसळा, तरी जंतूंचा पत्ता लागणार नाही. उलट नारळपाण्यात मीटर बुडवला, तर आकडा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाईल. म्हणून कोणी नारळ फेकून देत नाही. आजीची कसोटी, म्हणजे डाळ शिजते का आणि साबणाला फेस येतो का, निदान पाण्याच्या जडपणाबद्दल तरी या मीटरपेक्षा नेमके सांगते.

आमचा आक्षेप यंत्राला नाही. अर्धपार्य पटलातून पाणी उलट दिशेने दाबून क्षार मागे ठेवायचे, ही कल्पना सुरेखच आहे. लिटरमागे १ ग्रॅम मीठ असेल, तर परासरण-दाब सुमारे ०.८ वातावरण होतो. समुद्राच्या पाण्यासाठी तो पंचवीसच्या वर जातो. या दाबावर मात करून पुरेसे पाणी पार होऊ देणारे पटल लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले सौरीराजन यांनी १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात तयार केले. १९६५ साली तिथल्याच कोलिंगा या गावाला असे पाणी मिळू लागले. त्या गावाचे पाणी खरोखरच खारे होते, हे विसरू नये. आपल्याकडेही अशा जागा आहेत. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा ज्या पूर्णेच्या खोऱ्यात आहे, ती पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि चांगदेव सावद्याहून फार लांब नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. तेथे हे यंत्र चैन नाही.

सावद्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. केळीला भरपूर पाणी लागते आणि भरपूर नत्रही. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने खाली झिरपू शकते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चवही नाही. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२) त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती त्याने घटते. पाणी उकळले तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. येथे आरओ उपयोगी पडेल. पण चुन्याचे ६०० मिलिग्रॅम आणि नायट्रेट असलेले ६०० मिलिग्रॅम यांतला फरक तपकिरी पेला दाखवत नाही, मीटरही दाखवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असेल तेथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. पाण्याची नासाडी थांबवण्याचा हेतू चांगलाच होता. तरी कसोटी तीच, एकट्या आकड्याची. ४०० टीडीएसच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले, तर त्या गावाने काय करायचे?

नासाडीचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा. समजा, यंत्र ४ लिटरमधून १ लिटर पाणी देते आणि मूळ पाण्यात लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. शुद्ध लिटरात ६० गेले, तर उरलेल्या ३ लिटरांत प्रत्येकी सुमारे १०४७ उरतात. क्षार नाहीसे होत नाहीत, फक्त मोरीकडे वळतात. घराला रोज २० लिटर लागत असतील, तर ६० लिटर बाहेर जातात. तेही त्या रावेर-यावल पट्ट्यात, जेथे उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेल्याचे भूजलाच्या सर्वेक्षणांनी वारंवार नोंदवले आहे आणि जेथे कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या आहेत. ते पाणी फरशी पुसायला चालेल. परसातल्या केळीला रोज घालू नये. केळ क्षाराला किती नाजूक, हे सावदेकरांना आम्ही काय सांगावे!

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. या यंत्रांतील पॉलिअमाइडच्या पटलाला क्लोरीन सोसत नाही. म्हणून कार्बनचा गाळणीपात्र-थर ते आधीच काढून घेतो. मग यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून राखण करणारे काही उरत नाही. टाकी धुतली नाही, तोटीला ओला हात लागला, तर टीडीएस ४० असलेले पाणीही पोट बिघडवू शकते.

पाण्याचीच परीक्षा घेणारा प्रयोग हवा असेल तर तोही आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक साधी कुपी सुचवली. पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. विष्ठेतून येणारे जंतू असतील, तर त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडने एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. येथे रंग कांडीतून येत नाही. नायट्रेट, फ्लोराइड आणि जडपणा यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. शाळेने उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे गावातल्या चार-पाच स्रोतांचे नमुने तेथे द्यावेत आणि आलेले आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत. यंत्र घ्यायचे की नाही हे पालक ते आकडे पाहून ठरवतील.