पेण, रोहा आणि उर्दूची जुळणी

ग्रंथांच्या मुद्रणावर टीकाकार लिहितात, परंतु लग्नपत्रिका आणि शाळांची निमंत्रणे यांकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळते. रायगड जिल्ह्यात कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे व उर्दू शाळाही आहेत. तेव्हा तेथे एकाच कागदावर मराठी आणि उर्दू मजकूर येणे स्वाभाविकच होय. मात्र उर्दू म्हणजे अरबी अक्षरे, एवढ्या समजुतीवर जुळणी केली की अनर्थास आरंभ होतो.

टाईपाची परीक्षा करावयास पेण व रोहा ही दोन नावेच पुरेत. अरबीच्या २८ अक्षरांत 'प' नाही; तीन नुक्त्यांचे 'पे' हे अक्षर फारशीने त्यांत घातले. केवळ अरबीसाठी घडविलेल्या टाईपात ते नसल्यास संगणक ते दुसऱ्या टाईपातून उसने आणतो व शब्दाचा सांधा तुटतो. एका नुक्त्यावर भागविले तर पेणचे 'बेन' होते. रोह्याची अडचण अधिक सूक्ष्म आहे. उर्दूत स्वतंत्र 'ह' निराळा आणि ख, घ, भ यांतील महाप्राण दाखविणारा 'दोचष्मी' निराळा. अरबी 'ह' पुढील अक्षरास जोडला की दोचष्मीसारखा दिसतो. त्यामुळे अरबी अक्षराने छापलेला 'रोहा' उर्दू वाचकास अडखळवितो.

वळणाचीही तीच गोष्ट. अरबीला नस्ख शोभते. उर्दू वाचकाचा डोळा मात्र नस्तालीकावर पोसलेला आहे. नस्तालीकाचा शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. सरळ ओळीतल्या खिळ्यांना ही उतरण साधेना, म्हणून ज्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले, त्याच मुंबईत एकोणिसाव्या शतकात फारशी व उर्दू ग्रंथही विपुल प्रमाणात शिळेवरच छापले गेले. १९८१ च्या सुमारास 'नूरी नस्तालीक' आले, ते हजारो जोडाक्षरे आधीच हाताने लिहून घेतल्यामुळे.

आता भर देण्याविषयी. इंग्रजीचे पाहून उर्दू अक्षरे तिरकी करणे हे आमच्या मते निरर्थक आहे. जी ओळ मुळातच उतरती, तिला आणखी कलते करून काय साधणार? यंत्राने फुगविलेल्या ठळक अक्षरांत नुक्ते एकमेकांत मिसळतात. इजिप्तचा राजा फुआद याच्या पुरस्काराने १९३० च्या सुमारास इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या धर्तीवर 'मुकुटाक्षरे' निघाली. तीही रुजली नाहीत. या लिपीपाशी स्वतःची साधने आहेतच: शब्दावर ओढलेली रेघ, तांबडी शाई, नस्तालीक मजकुरात नस्खातील अरबी वचन, कवीच्या तखल्लुसावरील खूण. यांपैकी एकही महाग नाही.

देवनागरीलाही आपण असेच तिरके करतो, हा दोष आपल्या घरचाच आहे. परंतु शेजाऱ्याची लिपी छापताना अधिक जपावे. निमंत्रणावर ज्याच्या गावाचे नाव चुकले, त्याला निमंत्रण अर्धेच पोचले असे आम्ही समजतो.