वादळ, कप्तान आणि तीन डॉलर

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वादळाची कथा निव्वळ कथा म्हणून वाचता येत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ अशा तीन वादळांनी अवघ्या बारा वर्षांत आपल्या किनारपट्टीला हादरे दिले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की तांडेल आधी आभाळाकडे पाहतो आणि मग डिझेलच्या हिशेबाकडे. जावे की थांबावे, हा प्रश्न त्याच्यापुढे साहित्यातला नसतो, चुलीचा असतो.

याच प्रश्नाभोवती जोसेफ कॉनरॅड यांची ‘टायफून’ ही दीर्घकथा फिरते. पोलंडच्या कॅथलिक घराण्यात १८५७ साली जन्मलेल्या या लेखकाने तारुण्याची बरीच वर्षे जहाजांवर काढली, आणि १९०२ साली ही कथा प्रसिद्ध केली. ‘नान-शान’ नावाची आगबोट दोनशे चिनी मजुरांना घेऊन फू-चाऊ बंदराकडे निघाली आहे. परमुलखात कित्येक वर्षे राबून ते घरी परतत आहेत. प्रत्येकाजवळ एक लाकडी पेटी असून तीत जन्माची कमाई, म्हणजे थोडे चांदीचे डॉलर, आहे. वायुभारमापकातील पारा झपाट्याने उतरू लागतो. तरुण अधिकारी ज्यूक्स सुचवितो, की निदान या उतारूंना त्रास होऊ नये म्हणून तरी बोटीची दिशा बदलावी. कप्तान मॅक्व्हर थक्क होतो. मजुरांना ‘उतारू’ म्हटलेले त्याने कधी ऐकलेलेच नसते!

वादळाला वळसा घालण्याचा सल्ला देणारा ग्रंथ कप्तानाने वाचलेला आहे. पण त्याला तो पटत नाही. लांबच्या मार्गाने गेलो, कोळसा जास्त जाळला, आणि मालकाने विचारले तर काय सांगावे? जे वादळ आपण पाहिलेच नाही, त्याचा पुरावा द्यायचा कसा? वाचकहो, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टळलेल्या संकटाची पावती कोणी देत नाही, आणि म्हणूनच सावध माणूस नेहमी भित्रा ठरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या या कथेचे सामर्थ्य आम्हांस येथेच जाणवते.

पुढे वादळ येते, आणि कॉनरॅड यांची लेखणी त्याच्या तोडीस तोड उतरते. मात्र वादळाचा दुसरा, अधिक भयंकर असा तडाखा येणार म्हणताच ते सरळ पुढच्या बंदरावर जातात. काही समीक्षक यास पळवाट म्हणतील. आम्हांस तो संयम वाटतो. माणसाची परीक्षा झालेली आहे. लाटांचे आणखी वर्णन कशाला?

ही परीक्षा कोणती? सेमिनरीत आम्ही चार प्रमुख सद्गुण पाठ केले होते : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. मॅक्व्हरपाशी धैर्य अपार आहे. न्यायही आहे. तळघरात पेट्या फुटून डॉलर विखुरतात, मजूर एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा ऐन वादळात तो तेथे शिस्त लावण्यास माणसे धाडतो. शेवटी सर्व रक्कम तो समान वाटतो आणि उरलेले तीन डॉलर सर्वांत जास्त जखमी झालेल्या तिघांना देतो. ज्यांना उतारू मानण्यासही तो तयार नव्हता, त्यांच्याशी तो प्रामाणिक राहतो. हे तीन डॉलर म्हणजे या कथेचे हृदय होय.

पण विवेक? संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीनुसार इतर सद्गुणांना वाट दाखविणारा सद्गुण तो हाच. तो नसेल तर धैर्य संकट टाळत नाही. ते ओढवून घेते आणि मग शौर्याने निस्तरते. कथेबद्दल आमची तक्रार हीच आहे, की कप्तानाच्या शौर्याने भारावलेल्या वाचकास, ही किंमत कोणी मोजली, याचा विसर पडतो. ती मोजली तळघरातल्या दोनशे जणांनी. त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस कळत नाही. वादळ आपण कप्तानाच्या जागेवरून पाहतो. खालून येतो तो केवळ गोंगाट.

येथे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय आठवावा. बंदिवान पौल क्रीट बेटावरच इशारा देतो, की पुढे जाणे घातक आहे. परंतु शताधिपती त्याच्यापेक्षा तारवाच्या मालकावर आणि सुकाणूधारकावर अधिक विश्वास ठेवतो. हिशेब तोच! मात्र तारू फुटण्याच्या बेतात असता ‘मी सांगितले होते’ एवढ्यावर पौल थांबत नाही. भाकर घेऊन, देवाचे आभार मानून तो सर्वांना खाऊ घालतो. दोनशे शहात्तर जीव वाचतात. आधी विवेक, मग धैर्य, हा क्रम येथे आहे. मॅक्व्हरपाशी पहिले पाऊलच नाही.

१७ मे २०२१ रोजी, इशारे मिळालेले असतानाही समुद्रातच राहिलेला ‘पी-३०५’ हा तराफा बॉम्बे हायजवळ बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. साठांहून अधिक कामगार दगावले. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु ती बातमी वाचताना आम्हांस ‘नान-शान’चे तळघर आठवले, आणि तेव्हापासून ही कथा आम्ही पूर्वीसारखी वाचू शकलेलो नाही.

तरीही ती वाचावी, घराघरांतून वाचावी. कप्तानाच्या धैर्यासाठी आणि त्या तीन डॉलरसाठी वाचावीच. पण वाचताना तळघराकडे कान असावा. आणि उद्या बावटा लागल्यावर एखाद्या तांडेलाने होडी किनाऱ्यालाच ठेवली, आणि वादळ दुसरीकडे वळून गेले, तर त्यास कोणी हसू नये. त्या रात्री त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा. टळलेल्या वादळाची पावती माणसांनीच द्यायची असते.